कॅनबाहेर ठेवलेलं दूध

लॅक्टोमीटर वाचायचं काम मला कुणी मानानं दिलं नव्हतं. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि काचेच्या त्या काडीवरचे आकडे त्यांना दिसेनात, एवढंच झालं. ताथवड्यात आमच्या आळीत सातवीपर्यंत शिकलेली आणि दिवस उगवायला घरात सापडणारी अशी मी एकटीच होते. नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा. मग काय, डोक्यावर पदर, हातात काच, समोर बारा घरची माणसं दुधाची भांडी घेऊन ओळीनं उभी, आणि माझं वय एकोणीस. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात असला अधिकार देऊ नये. हे मी आज म्हणते. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला मी दारातून हाकलला असता.

पन्नास साल उलटून गेलेलं, साठ अजून यायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी आमच्याकडचं दूध सायकलींवरून चिंचवड स्टेशनला जायचं आणि तिथून रेल्वेनं पुण्याला. उन्हाळ्यात निम्मं वाटेतच नासायचं. मग नदीपलीकडे दूध गार करून ठेवायचं केंद्र निघालं. गावात त्याला सगळे बर्फखाना म्हणत. बर्फखान्याची लॉरी सकाळी माणहून निघायची, पुनावळ्यावरून आमच्या फाट्यावर यायची, भरलेला कॅन उचलून पुढे जायची आणि दुपारी परतताना तो रिकामा करून टाकायची. बारा घरांचं दूध एकाच कॅनमध्ये. त्यामुळे एकाचं नासकं निघालं की बाराही घरांचं गेलं, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

फाट्यावर पिंपरणीच्या झाडाखाली आमचं बस्तान असे. आधी मी भांड्यात नाक घालून वास घ्यायची. मग काचेच्या नळकांड्यात थोडं दूध घेऊन त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुलायचा थांबला की आकडा वाचायचा. पाणी घातलेलं असलं की काडी खाली बसते, चांगलं असलं की वर राहते. आकडा मी मोठ्यानं सांगायची. मग मामंजी शेराच्या पितळी मापानं दूध मोजून, फडक्यातून गाळून कॅनमध्ये ओतायचे. माप आमच्या घरचं. घासायचं कामही माझंच.

माझी जीभ तिखट होती, अजून आहे. एकदा एका काकींच्या दुधात काडी पार बुडाली. मी म्हटलं, "काकी, म्हैस नदीत डुंबायला जाते का नदी म्हशीत येते?" सगळी ओळ हसली. काकी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण पाणी घालायच्या बंद झाल्या. मला वाटलं, हे असंच असतं, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करायला धारेवरची जीभ लागते. मामंजी एवढंच म्हणाले, "सूनबाई, काडी दुधात सोडायची असती, माणसात न्हाई." मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

फाल्गुनात बर्फखान्याचे तपासनीस फाट्यावर आले. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट, हातात वही. त्यांनी ओळीतली भांडी एकेक करून तिरकी केली आणि नाक मुरडलं. "असल्या काळ्या भांड्यांत दूध आणता? जनावरं तरी ह्यात पाणी पितील का?" सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले आणि बघत होते माझ्याकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं की ज्या भांड्यात माझं तोंड दिसणार नाही ते मी नाकाला लावणार नाही. बायकांनी चिंचा भिजवल्या, विटकरीची पूड काढली आणि आठ दिवसांत फाट्यावर नुसता लखलखाट झाला. दुसऱ्याला सांगणारीनं स्वतः मागे राहून कसं चालेल? आमचं माप मी रोज आतून-बाहेरून चिंचेनं घासत होते, नखं लाल होईपर्यंत.

आणि चैत्र लागता लागता कॅन परत आला.

दुपारी लॉरीवाल्यानं तो फाट्यावर उतरवला तेव्हा त्यावर तांबड्या खडूनं 'परत' असं लिहिलेलं होतं. मी झाकण काढलं. वास फार नव्हता, जरा आंबूस. लॉरीवाला म्हणाला, तिथे नळीत घालून उकळल्यावर फाटलं, नळीच्या अंगाला कण चिकटले. मला पटेना. सकाळी मी स्वतः बाराही घरांचा वास घेतला होता, काडी एकाच्याही दुधात बुडाली नव्हती. आंबूस दूध माझ्या नाकाखालून जाणं शक्यच नव्हतं. मामंजी म्हणाले, ऊन वाढलंय, होतं कधीकधी. थोडं दूध बायकांनी ताकाला नेलं, उरलेलं ओढ्यात ओतलं. बारा घरांची सकाळ त्या ओढ्यातून पांढरी होऊन वाहत गेली.

तीन दिवसांनी पुन्हा तेच झालं. ह्या खेपेला लॉरीबरोबर तपासनीस स्वतः आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त धडकी भरली. म्हणाले, "तिसऱ्यांदा फाटलं तर लॉरी इथे थांबणार नाही. पुनावळ्याहून सरळ पुढे जाईल." मग त्यांनी विचारलं, "कुणाची म्हैस नुकती व्यालीय का?"

ज्यानं म्हैस पाळली त्याला ह्या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दहा-बारा दिवसांच्या दुधाला चीक म्हणतात. त्याचा खरवस होतो, पण साध्या दुधात तो मिसळला आणि ते उकळलं की सगळं फाटतं. वासाला मात्र ते ताजं लागतं, आणि लॅक्टोमीटर तर त्यात उलट वर राहतो. म्हणजे माझ्या नाकाला आणि माझ्या काडीला फसवून जाणारं दूध गावात एकच असू शकत होतं. सगळ्यांच्या माना एकदम जाऊबाईंकडे वळल्या.

जाऊबाई म्हणजे भावकीतल्या माझ्या चुलत जाऊ, वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. नवरा देहूकडे लष्कराच्या डेपोत कामाला, शनिवारी संध्याकाळी यायचा. घरात त्या आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलीची सोयरीक माणच्या एका घरात जवळजवळ ठरली होती. मुलगा चांगला होता, घरात चार म्हशी, विहिरीला पाणी. पुढच्या रविवारी माणची माणसं सुपारी फोडायला येणार होती. जाऊबाईंनी भिंती सारवल्या होत्या, ओसरीला पांढरी माती दिली होती. माणच्या घरचं दूधही त्याच लॉरीत जायचं. त्यामुळे आमच्या फाट्यावर कुणी शिंकलं तरी ते दुसऱ्या दिवशी माणला कळायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

"अठरा दिस झालं व्यायला," जाऊबाई म्हणाल्या. "चीक बाराव्या दिशी सरला. देवाला निवद दावला आन् मगच दूध हितं आनलं. खोटं बोलत आसंन तर माझी म्हस मरंल." त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

ती रात्र मी तळमळत काढली आणि सकाळी फाट्यावर जाताना एक तपेली, तीन दगड आणि काटक्या बरोबर घेतल्या. त्या दिवशी आम्ही भलतेच घाबरलेलो होतो. मामंजींनी कॅनवर गुंडाळायला गोणपाट ओलं करून आणलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाण्याचं आधण घरूनच आणून कॅन, फडकं, माप, सगळ्यावर ओतलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळं ह्यावरच अडलं.

जाऊबाईंची पाळी आली. मी तपेली पुढे केली. "ह्यात ओता थोडं. सगळ्यांसमोर उकळू. फाटलं नाही तर मी पाया पडेन तुमच्या."

त्यांनी भांडं छातीशी धरलं. "सव्वा म्हैना झाला न्हाई गं अजून."

आमच्याकडे रीत होती. म्हैस व्याली की सव्वा महिना तिचं दूध परक्या चुलीवर आपल्या डोळ्यांदेखत चढवायचं नाही. नजर लागते, कास आटते. पुण्यात कुणाच्या शेगडीवर चढलं तर चालतं, ते डोळ्याआड असतं. देवाकडे तेवढी सवलत होती. मलाही ही रीत माहीत होती, माझ्या माहेरीही होती. पण त्या क्षणी मला वाटलं की बाईनं बरोबर आडोसा शोधला.

"माझ्या घरी चल," त्या म्हणाल्या. "माझ्या चुलीवर ठेवते, तू समोर बस. धा पावलं हायेत."

खरोखर दहा नाही, पण साठ-सत्तर पावलं होती. पुनावळ्याच्या बाजूनं लॉरीचा भोंगा ऐकू आला. ओळीतून कुणीतरी पुटपुटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि मी, गावातली शहाणी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "तुमच्या घरात तुमची चूल, तुमचंच भांडं, आत काय कराल कुणाला दिसतंय? चिकाचं दूध घालून बारा घरांच्या अन्नात माती कालवलीत तेवढी पुरे. बाजूला व्हा."

त्या बाजूला झाल्या. भांडं घेऊन पिंपरणीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, घरी गेल्या नाहीत. अकरा घरांचं दूध कॅनमध्ये पडलं, ओलं गोणपाट बांधलं गेलं, लॉरीवाल्यानं कॅन उचलला. जाताना त्यानं विचारलं, "ह्या बाईंचं का राहिलं?" मी काच पुसत राहिले. ओळीतल्या दोघी-तिघींनी त्याला सगळं सांगितलं. मी अडवलं नाही.

दुपारी कॅन रिकामा परत आला, खडूची रेघही नव्हती. म्हणजे दूध पास झालं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तपासनिसांनी लॉरीवाल्याबरोबर शाबासकी पाठवली. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, खोटं कशाला बोलू? त्या सकाळी आम्ही तीन गोष्टी नव्यानं केल्या होत्या: सगळं कढत पाण्यानं धुतलं होतं, कॅनवर ओलं गोणपाट बांधलं होतं आणि जाऊबाईंचं दूध वगळलं होतं. त्यातली कोणती लागू पडली हे विचारायची अक्कल माझ्या सातवी पास डोक्याला सुचली नाही. बाराजणांतल्या कुणीच ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही जाऊबाई भांडं घेऊन आल्या आणि ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या. मी काडी पुसून पेटीत ठेवली आणि पेटी मिटली. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. रविवारी त्यांच्या ओसरीवर घोंगडं अंथरलेलं होतं, पानाचं तबक काढलेलं होतं. त्यांचा नवरा डोक्याला नवा पटका बांधून दिवसभर रस्त्याकडे बघत बसला. माणहून कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यानंच घोंगडं झटकून आत नेलं. मी आमच्या खिडकीतून बघत होते. माझ्या मनात आलं, करावं तसं भरावं. हे लिहितानाही हात आखडतो, पण आलं होतं मनात.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आम्ही रोज आधणाचं पाणी नेऊ लागलो, रोज गोणपाट बांधू लागलो. कॅन पुन्हा फिरला नाही. पुढच्या रविवारीही जाऊबाईंची ओसरी रिकामीच राहिली.

त्यानंतर दोनच दिवसांनी चिंचवडचा कल्हईवाला आळीत आला. दरसाल यायचा तो म्हातारा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा आणि सगळ्यांच्या घरची दुखणी त्याला माहीत असायची. सकाळचं दूध लॉरीत घालून आम्ही नुकतेच घरी आलो होतो. मापाची कल्हई पार उडाली होती, आतून पितळ तांबूस दिसत होतं. मी ते त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं माप उजेडात फिरवलं. "भाभी, हे आतनं चिंचेनं कुणी घासलं?"

"मी. का?"

"बाहेरनं लावा की हवी तेवढी. आतनं लावली की कल्हई जाती, काठाची डाक बी जाती." मापाचा काठ बाहेरून वळवून आत दुमडलेला होता आणि ती दुमड डाक, म्हणजे वितळलेल्या कथलाचा जोड, देऊन बंद केलेली असते हे मला त्या दिवशी कळलं. म्हाताऱ्यानं सळईचं टोक काठात घातलं आणि जरा उचकटलं. आत घाण साचलेली होती, पिवळट, ओलसर, बोटभर लांब. त्यानं माप नाकाजवळ नेलं आणि झटकन लांब केलं. "ह्यात काय दही लावता का रोज?"

मी ते माप उचलून घरात नेलं. म्हातारा मागून म्हणत होता, अहो भाभी, भट्टी पेटलीय.

आत्याबाईंनी नुकतंच काढलेलं आमच्या गाईचं दूध चुलीजवळ होतं. मी दोन वाट्या घेतल्या आणि दोन्हींत दूध ओतलं. एकीत काठातली ती घाण काडीच्या टोकावर घेऊन कालवली. दुसरी तशीच ठेवली. फाट्यावरून बर्फखान्यापर्यंत जायला, रांगेत थांबायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ दोन्ही वाट्या ओसरीवर उन्हाच्या तिरपीत ठेवल्या आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, काय बघतीस गं? मी वाट्यांवरची नजर काढली नाही. देवाला मी नवस बोलत होते, आणि कशाचा, तर फाटू नये म्हणून. फाटलं नाही तर दोष निदान माझ्या मापावर तरी येणार नव्हता.

मग एकेक वाटी तव्यात ठेवून उकळली. पहिल्यांदा साधी. ती वर आली, फसफसली, गुळगुळीत राहिली. मग दुसरी. कडेला बुडबुडे आले, मध्ये चळवळ झाली आणि दुधाचे दोन भाग झाले, खाली पांढरे गोळे आणि वर हिरवट पाणी.

बाराही घरांचं दूध त्या मापातून जात होतं. रोज सकाळी मी स्वतःच्या हातानं सगळ्या गावाच्या दुधात विरजण घालत होते. उन्हात दोन तास गेले की ते लागायचं. आधणाचं पाणी ओतायला लागल्यापासून त्याचा जोर कमी झाला होता, एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी ते माप हातात धरून जाऊबाईंना चोर म्हणाले होते.

आत्याबाई माझ्या खांद्यावरून तवा बघत होत्या. हुशार बाई, सगळं ओळखलं. त्यांनी आधी ओसरीचं दार लोटलं. "हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कॅन आता पास व्हतोय. माप कल्हई करून घे. कुणाला काय बोलायचं न्हाई. तुझ्या सासऱ्याच्या हातनं फाट्याचं काम जाईल. वीस वर्सं त्या माणसानं गावात तोंड वर करून काढल्यात."

"आणि जाऊबाईंची पोर?"

"तिला दुसरं ठिकान मिळंल."

खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांचं पटलं होतं. मी माप पदराखाली घेऊन कल्हईवाल्याकडे निघालेही. अंगणात मामंजी बाजेवर बसले होते. त्यांना दिसत नव्हतं नीट, पण कान तिखट. त्यांनी हात पुढे केला. "आन इकडं ते."

मी माप दिलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, उचकटलेल्या जागी थांबले, बोट नाकाला लावलं. मला वाटलं आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाडी जुंपायला सांग," ते म्हणाले. "माणला जायचंय."

माणपर्यंतची वाट त्यांनी काठीवर हनुवटी टेकवून काढली. बैलांच्या घुंगरांचासुद्धा मला राग येत होता. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. पोचलो तेव्हा मुलाचे वडील गोठ्यात होते. बाहेर आले, मामंजींना राम राम केला, पाणी मागवलं. मी पदर सावरून उभी राहिले आणि जुळवलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं. चूक माझी, माप माझं, त्या बाईंचं दूध चांगलं होतं, मी न बघता बोलले. माप त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी माप हातात घेतलं नाही. "परवा सुपारी फुटली," ते म्हणाले. "मारुंजीची पोरगी हाय."

मामंजींनी विचारलं, "दुधाच्या बोलण्यावरनं मोडलंत?"

"बोलन्यावरनं न्हाई." ते खाली बसले. "लॉरीवाल्यानं सांगितलं तवाच आमी म्हनलं, बायामानसांचं भांडान आसंल. दोन आठवडं थांबलो. म्हनलं गावातनं एक तरी मानूस यील, म्हनंल त्या बाईचं दूध चांगलं हाय, आमी पिलंय. कोन आलं न्हाई. बारा घरं हायती तुमची. मग आमी समजलो."

मामंजींनी माप उचललं आणि काठी चाचपली.

परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामंजी घरी गेले नाहीत. ते आळीत प्रत्येक दारापुढे थांबले आणि प्रत्येक घराला काठ दाखवून सांगितलं. आमच्या मापामुळं दूध फाटलं. दुसऱ्या कुणामुळं न्हाई. अकरा दारं. मी त्यांच्या मागे उभी होते. काकी, ज्यांची मी नदी आणि म्हशीवरून टर उडवली होती, त्या काठ बघून नुसत्या आत वळल्या. फाट्याचं काम मामंजींनी त्याच संध्याकाळी सोडलं. त्यांना कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.

शेवटचं, बारावं दार जाऊबाईंचं. मामंजी म्हणाले, "इथं तू एकटी जा."

त्या गोठ्यात धार काढत होत्या. मी उंबऱ्याशी उभं राहून सगळं सांगितलं, माणचंही. म्हशीखालचा आवाज तसाच चालू राहिला, ना कमी ना जास्त. मग त्या उठल्या, भरलेलं भांडं घेऊन माझ्याजवळून आत गेल्या. मला वाटलं दार लावतील. आतून हाक आली, "ये."

चूल पेटलेली होती. त्यांनी पातेल्यात दूध ओतलं, चुलीवर ठेवलं आणि मला समोर पाट दिला. "बस. बघ."

मी बसले. आतल्या खोलीत कुणीतरी हललं, बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. जाऊबाई जाळ सारखा करत होत्या. दुधाला उकळी यायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. साय धरली, साईखाली बुडबुडे आले, दूध कडेनं चढलं. उतू जायच्या बेतात त्यांनी पातेलं उतरवलं, पळी घालून तळापासून ढवळलं आणि पळी माझ्यापुढे धरली. दूध स्वच्छ होतं. एक कणही नव्हता.

"फाटलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल. पोरगी आत हाय, तिला ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं म्हणाले, फाटलं नाही. आतून काहीच आवाज आला नाही.